हरिपाठाला पहिल्यांदा बसताना

वाचक लिहितात:

"आदरणीय ताई, माझं माहेर डोंबिवलीचं. घरी दीड दिवसाचा गणपती सोडला तर देवाधर्माचं फारसं काही नव्हतं. लग्नानंतर आम्ही नाशिकला होतो. आता यजमानांनी शेती बघायचं ठरवल्यामुळे अमळनेर तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आलोय. वैशाखात गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतोय. सासूबाई रोज संध्याकाळी हरिपाठाला जातात. 'येशी का वं?' असं त्यांनी मला दोनदा विचारलं, हट्ट केला नाही. पण परवा कपाट उघडलं तर माझ्या साड्यांशेजारी टाळांची एक जोडी घासूनपुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली दिसली.

मला जावंसंही वाटतं आणि भीतीही वाटते. शब्द पाठ नाहीत, गळा नाही. बायका पावली खेळतात, फुगडी घालतात, ते मला जमणार नाही. सगळ्यात मोठं म्हणजे माझी श्रद्धा आहे की नाही हे मलाच माहीत नाही. मग तिथे बसून नाम घेणं हे ढोंग नाही का? एकदा गेले की लगेच माळ घाल म्हणतील का? पाच वर्षांच्या मुलीला नेऊ का? आणि नेमकी त्याच आठवड्यात पाळी आली तर?
— एक सून, अमळनेर तालुका"

प्रिय सूनबाई,

जा. गळा, शब्द, श्रद्धा यांतलं काहीही आधी जमवून ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवशी बसायचं, ऐकायचं आणि ध्रुपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, आली की सगळ्यांबरोबर म्हणायची, एवढंच तुझं काम. तू जिला सगळ्यात मोठी शंका म्हटलंस तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण ती सुटली की बाकीच्या आपोआप हलक्या होतील.

आपल्याजवळ नाही ते आहे असं भासवून त्यातून मान किंवा पैसा मिळवणं, याला ढोंग म्हणतात. मागच्या रांगेत सतरंजीवर बसून शेजारणीच्या आवाजात आपला आवाज मिसळणारी बाई कुणाला काय भासवतेय? मंडपाच्या तोंडाशी श्रद्धेचा दाखला कुणी मागत नाही. तिथे जमलेल्यांची मनंही काही एका मापाची नसतात. कुणी वर्षानुवर्षं पायी वारी करणारं असतं. कुणाच्या घरी गेल्या साली माणूस गेलेलं असतं आणि संध्याकाळ घरात काढवत नाही. कुणाला पखवाजाची गोडी असते, कुणी दिवसभर कापसाच्या नाहीतर मक्याच्या रानात राबून चार बायांत बसायला मिळतं म्हणून येते. हे सगळे एकाच चालीवर एकच अभंग म्हणतात, आणि कुणाच्या मनात किती भाव आहे हे शेजारच्याला कळत नाही, कळायची गरजही नसते. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्यापासून सुरू होतो. माउलींनी इतकं थोडं मागितलंय, तर आपण आपल्यावर जास्तीची अट कशाला घालून घ्यायची?

तुला खरंच श्रद्धा वाटली नाही तर वाटली नाही. तिथे डोळे मिटून मान डोलवायचं सोंग करू नकोस, म्हणजे झालं. डोळे उघडे ठेव, बघ, ऐक. मोकळ्या मनाने ऐकणारी बाई भजनात कधीच उपरी वाटत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आता सप्ताहाचा दिवस कसा चालतो ते सांगते, म्हणजे अनोळखीपणा निम्मा कमी होईल. पहाटे काकडा. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, तिथे समोर ग्रंथ घेऊन वाचणारे बसतात. दुपारी गाथेवरचं भजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री जेवणं उरकली की कीर्तन आणि त्याच्यामागून जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, दहीहंडी आणि गावजेवण. या सगळ्यात नवख्या माणसाने पहिल्यांदा जायची जागा म्हणजे हरिपाठ. कीर्तन दोन तास चालतं आणि तिथे आपण श्रोते असतो, महाराज अभंग उलगडतात. पारायणाला वाचनाची सवय लागते. हरिपाठात मात्र सगळेच म्हणणारे असतात, त्यामुळे कुणी कुणाकडे बघत नाही. तासाभरात संपतो.

दिवस निवडताना शेवटचे दोन दिवस टाळ. तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुणे असतात, मंडपात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर्दी बेताची असते, म्हणणाऱ्यांचा सूरही जुळून आलेला असतो.

हरिपाठाचे अभंग २७, काही पुस्तिकांत २८. पाठ नाहीत म्हणून घाबरू नकोस, छोटी पुस्तिका सहज मिळते, मंडपातही कुणाकडे तरी असतेच. पण माझं ऐकशील तर पहिल्या दिवशी ती उघडूच नकोस. पुस्तकात डोळे घातले की पुढचा शब्द शोधण्यात जीव अडकतो आणि कान बंद होतात. त्यापेक्षा हे लक्षात ठेव: चरण पुढचा गडी म्हणतो, मग बाकीचे उचलतात, काही गावांत दोन रांगा समोरासमोर असतात आणि एक चरण या रांगेचा, पुढचा त्या रांगेचा. मधे मधे "हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी" हे ध्रुपद फिरून फिरून येत राहतं. तेवढी एक ओळ तुला आली की तुझं काम झालं. दोनचार अभंगांतच ती तोंडात बसेल. बाकीच्या वेळी ओठ मिटून बसलीस तरी चालतं. शेवटी गजर वाढतो, मग आरती आणि पसायदान. पसायदान तुला शाळेपासून येत असेल. ते मात्र मोकळ्या आवाजात म्हण.

गळ्याचं तर मनातूनच काढून टाक. पन्नास माणसांत एक आवाज थोडा खाली गेला, थोडा वर गेला, तर पखवाज आणि टाळांच्या आवाजात तो कुणाच्याही कानी पडत नाही. लांब चरण म्हणताना सगळ्यांचा श्वास एकाच ठिकाणी सुटतो, एकाच ठिकाणी भरतो. अर्ध्या तासात तुझाही श्वास त्या चालीला लागेल. त्या वेळी काहीजणींना भरून येतं. तुला आलं तर पदराने डोळे पूस आणि म्हणत राहा, कुणी कारण विचारणार नाही. काहीच वाटलं नाही, किंवा सरळ कंटाळा आला, तरी मनाला लावून घेऊ नकोस. एका संध्याकाळवर निकाल देऊ नकोस, एवढंच. आणखी एकदोनदा बसून बघ आणि मग ठरव.

टाळ मात्र पहिल्या दिवशी वाजवायला घेऊ नकोस. आवाज चुकला तर विरून जातो, टाळ चुकला तर विरत नाही. काशाच्या वाट्यांचा नाद लांबवर जातो, आणि ठेका सोडून पडलेला एकच टाळ पखवाज्याला खटकतो, शेजारच्या चारजणींना गोंधळात टाकतो. शिवाय ते दिसतात तेवढे सोपे नसतात. दोन्ही वाट्या मधोमध ओवलेल्या दोरीने जोडलेल्या असतात. दोरी बोटांना गुंडाळून वाटी अशी धरायची की तळहात तिच्या कडेला चिकटणार नाही, नाहीतर नाद दबतो आणि नुसता खट्ट आवाज येतो. एक वाटी हातात स्थिर, दुसरी तिच्यावर किंचित तिरकी पडते. वाट्या समोरासमोर सपाट आपटल्या की मधे हवा कोंडते आणि आवाज बसका निघतो. शिवाय जोडी चांगली जड असते, सवय नसलेलं मनगट अर्ध्या हरिपाठातच भरून येतं. म्हणून पहिल्या दिवशी हलक्या हाताने टाळ्या वाजव. सासूबाईंनी ठेवलेली जोडी बरोबर ने, मांडीवर ठेव आणि त्यांचे हात बघत राहा.

पावली आणि फुगडीची कुणावर सक्ती नसते. पावली म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पाय पुढे टाकायचा, मागे घ्यायचा, मधेच वळायचं. ती खेळणाऱ्या बायका आणि मुलं बहुधा मधल्या मोकळ्या जागेत असतात. कडेला बसलीस तर तुला कुणी उठवायला येणार नाही. एखादी हौशी बाई हात धरून ओढेलही, खानदेशात माया अशीच असते. "आज बसते, उद्या बघू" म्हटलंस की ती हसून दुसरीकडे वळेल. पुढे कधी पाय आपसूक उचलले गेले तर लाजू नकोस. मोठमोठ्या आज्या नऊवारीचा काष्टा आवळून फुगडी घालतात तिथे.

दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर तिथे दचकायला होणार नाही. पहिली म्हणजे वीणा. सप्ताह अखंड असतो म्हणजे मंडपातलं नाम सातही दिवस, रात्रंदिवस थांबत नाही. एकजण गळ्यात वीणा घेऊन उभा असतो, त्याला पहारा म्हणतात, आणि गावातली माणसं पाळीपाळीने पहारा देतात. वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलताना नवा माणूस समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हे जवळून बघ. बापाच्या वयाचा माणूस विशीतल्या पोराच्या पायाला हात लावताना दिसेल, आणि त्यात दोघांनाही काही अवघड वाटत नाही. वीणेकरी आणि विठ्ठल-रुक्मिणीच्या फोटोच्या मधून मात्र चालत जाऊ नकोस, वळसा घालून जा.

दुसरी गोष्ट यातूनच आली. हरिपाठ संपल्यावर तुझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका तुझ्याही पाया पडायला वाकतील. नवीन सुनेला याचा फार संकोच होतो, ती मागे सरते आणि समोरचीला उगीच वाईट वाटतं. मागे सरू नकोस. तूही त्याच वेळी वाक, हात जोड, "माउली" म्हण. तिथे थोर-लहान हा हिशोब बाजूला ठेवलेला असतो. वारकरी पंथातली ही रीत मला सगळ्यात प्रिय आहे, आणि तुझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुनेला गावात पाय रोवायला तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडणार नाही.

ही समानता गावोगाव पुरती उतरली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमुक वस्तीने मागेच बसायचं, अमुक घरातल्या पोराला वीणा द्यायची नाही, असं कुठे दिसलं तर ते चुकीचंच आहे. तुझ्याच तालुक्याच्या गावी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केलं होतं, आणि त्यानंतर ते दार उघडलं. नव्याने आलेल्या सुनेने पहिल्या दिवशी भांडण काढावं असं मी सुचवत नाही. पण तू तुझी सतरंजीवरची जागा निवडताना त्या वस्तीतल्या बायकांशेजारी बसू शकतेस, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पाळीचं विचारलंस ते बरं केलंस, बऱ्याचजणी हे मनातच ठेवतात. माझं मत स्वच्छ आहे: पाळी आली म्हणून नाम घ्यायला कसलाही विटाळ होत नाही. चोखोबांच्या घरच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वीच अभंगातून विचारलंय की देहातच जन्मलेल्या विटाळातून कोण सुटलाय. मंडपात कुणाला हे विचारायचा अधिकार नाही आणि तूही सांगायला बांधील नाहीस. मात्र सासूबाई पाळत असतील आणि त्यांना न सांगता जाणं तुला अवघड वाटत असेल, तर त्या चार दिवसांत घरूनच ऐक. स्पीकरचा आवाज सगळ्या गावात असतो, ओट्यावर बसून ध्रुपद म्हणता येतं. हा तुमच्या दोघींच्या नात्याचा प्रश्न आहे, तो मंडपात नको, घरात हळूहळू सोडवा. पोटात दुखत असेल तर वैशाखातल्या उकाड्यात तासभर मांडी घालून बसायचा अट्टहास नकोच.

उकाड्यावरून आठवलं. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, संध्याकाळी सहालाही मंडपाचं कापड तापलेलं असतं. सुती साडी किंवा ड्रेस घाल, ओढणी घे, डोक्यावर पदर घ्यायची तुमच्या गावात रीत असेल तर घे. पाण्याची बाटली हवीच. लेकीला जरूर ने, पण स्पीकरच्या कर्ण्यासमोर बसू नकोस. लहान कानांना तो आवाज फार होतो. मंडपाच्या कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ बस, म्हणजे ती कंटाळली तर कुणाला न ओलांडता उठता येईल. तिला पावली बघायला आवडेल, पोरं लगेच त्यात घुसतात. उद्या ती पखवाज शिकायचं म्हणाली तर मुलगी म्हणून कुणी अडवू नये. आज मुली पखवाज वाजवतात, कीर्तनं करतात. आणि आपल्या खानदेशाला तर हे सांगायची गरजच पडू नये. योगी म्हणून मिरवणाऱ्या चांगदेवांनी जिला गुरू मानलं ती मुक्ताई वयाने केवढी लहान होती. १२९७ साली ती तापीकाठी मेहुणला गुप्त झाली असं परंपरा सांगते, आणि तिची पालखी आजही दर आषाढीला मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते, मानाच्या सात पालख्यांत.

मोबाइल पिशवीत ठेव. व्हिडिओ काढणारे तिथे पुष्कळ असतात. तू कुणाच्या तरी स्टेटसवर दिसू नयेस असं वाटत असेल तर मागच्या रांगेत बस.

माळेची काळजी करू नकोस. तुळशीची माळ घेणं हा फार वेगळा निर्णय आहे. माळकरी माणूस मांसाहार आणि दारू सोडतो, एकादशी धरतो, वारीचा नेम करतो. तो आयुष्यभराचा नेम असतो, कुणाच्या आग्रहाखातर घ्यायची ती गोष्टच नव्हे. खरा वारकरी तुला घाई करणार नाही. कुणी केलीच तर "अजून मनाने घेतलं नाही" एवढं एक वाक्य पुरे. त्याच्यापुढे वाद घालू नकोस आणि माळेची चेष्टाही होऊ देऊ नकोस, यजमानांनी केली तरी. पैशांचंही तसंच. घरटी वर्गणी तुमच्या घरातून गेलेली असेल, आरतीच्या ताटात दहा रुपये टाकलेस काय, न टाकलेस काय, सारखंच.

काल्याच्या दिवशी वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीची पंगत असेल. तेव्हा नुसती जेवायला बसू नकोस, वाढायला उभी राहा. पाण्याचा जग हातात घेतलास तरी चालेल. हरिपाठात ज्यांची नावं कळली नाहीत त्या बायका तिथे तुला नावाने हाक मारतील.

आता त्या कपाटातल्या टाळांकडे येते. तुझ्या सासूबाईंनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा तोंडाने न विचारता जोडी तुझ्या साड्यांशेजारी ठेवली. सून नाही म्हणाली तर तिचा मान राहावा आणि आपलाही राहावा, इतका विचार त्यात आहे. म्हणून सप्ताहाची वाट बघू नकोस. आज भाकरी-भाजी आटोपली की ती जोडी घेऊन त्यांच्यासमोर ओट्यावर जाऊन बस आणि म्हण, "आई, हे धरायचे कसे ते दाखवा." त्या ठेका शिकवतील. त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेव, नवखीची चूक तिथेच होते. आणि त्याच वेळी सांगून टाक की पहिल्या दिवशी मी फक्त हरिपाठाला बसेन, टाळ मांडीवर ठेवेन, आणि लेक पेंगायला लागली की कीर्तनाआधी घरी येईन. त्या कीर्तनाला थांबतील तेव्हा मागे घरात दिवा लावणं, जेवणं हे तू बघशील, हेही सांग, म्हणजे त्यांना तुझ्यामागे लवकर उठावं लागणार नाही.